केमिस्टबाईंची सायकल आणि पाच थेंब

केमिस्टबाईंना या उद्योगातून काय मिळणार होतं, ते आधी पाहून घेऊ. स्वस्तात सायकल मिळणार नव्हती. डोंगरात चालवायची तयार सायकल दुकानाच्या काचेआड उभी होती, सुटे भाग आणण्यापेक्षा कमी पैशांत, वर वर्षभराची हमी. वेळ वाचणार नव्हता, उलट सात रविवार जाणार होते. कौतुक होईल अशीही लक्षणं नव्हती, कारण घरात कौतुक करायला होता नवरा आणि वरच्या मजल्यावर नणंद. मग मिळणार होतं ते काय? घरात एक तरी फिरणारी वस्तू अशी येणार होती, जिच्यासाठी बाईंना कुणाचे आभार मानावे लागणार नव्हते.

बाकी सगळ्या फिरणाऱ्या वस्तूंना मिस्त्रींचे हात लागून झाले होते. मिस्त्री म्हणजे बाईंचे यजमान. कपडे शिवण्याच्या कारखान्यात बासष्ट मशीनं होती आणि गेली तीस वर्षं ती मिस्त्रींच्या जिवावर धावत होती. घरातला पंखा, मिक्सर, गळका नळ, कुरकुरणारं दार, सगळं त्यांनीच नीट केलं होतं आणि उत्तम केलं होतं. अडचण तीच होती. वाईट केलं असतं तर बाईंना बोलायला जागा राहिली असती. मिक्सर सुरू झाला की मिस्त्री हात पुसत म्हणायचे, "मी होतो म्हणून." सव्वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य बाईंनी इतक्या वेळा ऐकलं होतं, की मिक्सर बिघडला की त्यांना आधी ते वाक्य ऐकू यायचं आणि मग जळका वास यायचा.

सायकलच का, तर त्यालाही कारण होतं. बाईंचं औषधांचं दुकान डोंगराच्या रस्त्यावर. दर रविवारी सकाळी सायकलवाल्यांचं एक टोळकं पायवाटेने वर जायचं आणि अकराच्या सुमारास नडग्यांपर्यंत मातीने माखून खाली यायचं. त्यातला कुणी ना कुणी चिकटपट्टी घ्यायला दुकानात शिरायचा, तोही हसत. चिकटपट्टी घ्यायला हसत येणारं दुसरं गिऱ्हाईक बाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांनी टोळक्याच्या म्होरक्याला, म्हणजे चौकातल्या सायकलवाल्याला विचारलं, "सुटे भाग देशील? जोडेन मी."

"तुम्ही जोडणार?" त्याने विचारलं.

"दोनशे औषधांच्या मात्रा तोंडपाठ आहेत मला. सायकलीला स्क्रू किती?"

सायकलवाला हुशार. त्याने स्क्रू मोजले नाहीत, भागांची यादी करून दिली.

घराच्या मागच्या खोलीत जुनी चादर अंथरली गेली. गोळ्यांच्या रिकाम्या बरण्यांना लेबलं लागली: पुढचं चाक, मागचं चाक, हँडल, ब्रेक. आणि मिस्त्रींना पहिल्याच दिवशी ताकीद मिळाली.

"उंबरठ्याच्या आत यायचं नाही. बोलायचं नाही. हात तर लावायचाच नाही."

"अगं, पण अडलं तर?"

"अडलं तर अडू दे. ते माझं अडणं असेल."

मिस्त्रींनी मान डोलवली. माणूस शब्दाचा पक्का, पण हात शिवशिवायचे त्याला ते तरी काय करणार. रविवारी दुपारी दुकान बंद झालं की ते वर्तमानपत्र घेऊन उंबरठ्याबाहेर खुर्ची टाकून बसू लागले. त्या खुर्चीत बसून सात रविवारांत त्यांनी वर्तमानपत्राची किती पानं वाचली असतील, ते विचारू नये.

दुसऱ्या रविवारी बाई पॅडलांमधल्या कण्याची वाटी बसवत होत्या. एका बाजूची बसली, दुसरी काही केल्या बसेना. त्या बाजूचे आटे उलटे असतात, हे मिस्त्रींना लांबूनच दिसलं. बोलायची तर बंदी. म्हणून ते खोकले. बाईंनी पुन्हा सुलट फिरवलं. मिस्त्री पुन्हा खोकले, जरा जोरात.

"खोकल्याचं औषध देऊ?" बाई मागे न बघता म्हणाल्या.

"नको. आपोआप जाईल."

"मग जाऊ दे."

पुढच्या दहा मिनिटांत बाईंनी वाटी हातात धरून आटे नखाने मोजल्यासारखे पाहिले, भागांबरोबर आलेली पुस्तिका उघडली, "हं" म्हणाल्या आणि उलट फिरवून बसवली. मिस्त्रींचा खोकला थांबला. चेहरा मात्र पडला. आपल्यावाचून वाटी बसते, हे माणसाला एकदम पचत नाही.

बाईंची कामाची रीत औषधांच्या दुकानातली. त्यांनी नेमका जोर मोजणारा पाना आणला होता. ठरवलेला जोर बसला की तो 'टक' असा वाजतो. पुस्तिकेत पाच लिहिलंय तर पाच, साडेपाच नाही. मिस्त्री आयुष्यभर हाताच्या अंदाजाने आवळत आलेले, त्यांना तो 'टक' आवाज टोमण्यासारखा लागायचा. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची नळी कापायच्या वेळी तर बाईंनी तीन दिवस मापं घेतली, कारण एकदा जास्त कापली गेली की ती पुन्हा लांब होत नाही. चौथ्या दिवशी कापली. बरोबर बसली. मिस्त्री खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले.

नणंद वरच्या मजल्यावर ब्यूटी पार्लर चालवायची. बातमी पसरवायला याहून सोयीचा धंदा नाही. चेहऱ्यावर लेप वाळत असतो, गिऱ्हाईकाला तोंड उघडता येत नाही, ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं. वहिनी सायकल जोडतेय, ही बातमी लेपाच्या एका थरात अख्ख्या इमारतीत पोचली.

"वहिनी, एक सांगू का? रागावू नका हं," नणंद दारात उभी राहून म्हणायची. ती असं म्हणाली की रागावण्यासारखंच काही येणार, हे ठरलेलं. "दादासारखा माणूस घरात असताना हे म्हणजे विहीर असताना पाणी विकत आणण्यासारखं झालं."

"वन्सं, त्या विहिरीवर दर वेळी पाटी वाचावी लागते."

"कसली पाटी?"

"मी होतो म्हणून."

खुर्चीतलं वर्तमानपत्र थोडं वर सरकलं.

सातव्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, सायकल दोन चाकांवर उभी राहिली. बाईंनी ती अंगणात नेली, चार-पाच चकरा मारल्या आणि प्रत्येक चकरेला ब्रेक दाबला. या सायकलीचा ब्रेक कडेला रबर घासणारा नव्हे. चाकाच्या मधोमध बशीएवढी पातळ पोलादी चकती असते आणि ब्रेक दाबला की दोन छोटे पॅड तिला चिमटीत धरतात. ब्रेक नवा असला की तो ओरडतो. बाईंचाही ओरडला, असा की तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. सायकलवाल्याने सांगूनच ठेवलं होतं: ओरडू दे, सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा वेग घेऊन थांबवा, मग बसेल. चार-पाच वेळा झालं, बाकीचं उद्या सकाळी, असं म्हणून सायकल पुन्हा खोलीत ठेवून बाई दुकान उघडायला गेल्या.

कारखान्याला सुट्टी, त्यामुळे आता घरात उरले दोघं. मिस्त्री आणि सायकल.

मिस्त्री अर्धा तास खुर्चीत बसले. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, की मनाई जोडण्याला होती, आणि जोडून तर झालं होतं. बघायला काय हरकत आहे? त्यांनी उंबरठा ओलांडला. हँडल हलवून पाहिलं, सीट, पॅडल, चाकांचे नट, सगळं तपासलं. खरं सांगायचं तर ते काहीतरी ढिलं शोधत होते. एक, फक्त एक स्क्रू अर्धा आटा ढिला सापडला असता तर त्यांचे सात रविवार वसूल झाले असते. सापडला नाही. मग त्यांनी चाक उचलून फिरवलं. चकती पॅडला जराशी घासत होती, चुं चुं आवाज येत होता.

मिस्त्रींचा जीव गलबलला. तीस वर्षं रोज सकाळी बासष्ट मशीनांना तेलाचा एकेक थेंब देणारा माणूस. चुं चुं करणारी वस्तू म्हणजे त्यांना तान्हं मूल रडल्यासारखं. त्यांनी खिशातली मशीनच्या तेलाची बारीक चोचीची बाटली काढली. आवाज जिथून येतो तिथे पुढे दोन थेंब, मागे तीन, कारण मागचं जास्त रडत होतं. नंतर कापडाला डाग पडू नये म्हणून कारखान्यात पुसतात तसं स्वच्छ पुसलं. चाक फिरवलं. आवाज बंद. ते खुर्चीत येऊन बसले आणि त्या दिवशी त्यांनी खरोखरच वर्तमानपत्र वाचलं.

कारखान्यात त्यांच्या हाताखालून गेलं ते सगळं सुरळीत चालण्यासाठी केलेलं होतं. मुद्दाम अडण्यासाठी केलेला भाग त्यांनी आजवर कधी हाताळलाच नव्हता.

रविवारी सकाळी बाई निघाल्या. डोंगरापर्यंतचा रस्ता सगळा चढाचा, ब्रेकची गरज पडली नाही. एकदोनदा दाबला तर आवाज नाही. बसला म्हणायचा, अशी त्यांनी समजूत करून घेतली आणि उरलेल्या वीस वेळा थांबवण्याचा बेत सोडून दिला. पायथ्याशी सायकलवाल्याने सायकल उचलून आपटून पाहिली, हँडलवरचे ब्रेकचे लिव्हर दाबून पाहिले. ते हाताला कडक लागले. "काय जोडलीय काकू!" तो म्हणाला. टोळक्याने टाळ्या वाजवल्या. ती सकाळ सगळी बाईंची होती. चढताना दम लागला, दोनदा उतरून ढकलावी लागली, पण माथ्यावर पोचल्यावर त्यांना चिकटपट्टीवाली मंडळी का हसतात ते कळलं.

मग उतार लागला.

पहिल्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला. लिव्हर कडक, सायकल मात्र ऐकेना. दोन्ही हातांनी जीव खाऊन दाबला, वेग तसाच. दुसरं वळण समोर आलं आणि पलीकडे नुसती हवा होती. बाईंनी डोळे मिटले नाहीत, एवढं त्यांच्या नावावर मांडून ठेवायला हवं. त्यांनी हँडल डोंगराच्या बाजूला वळवलं आणि सायकलीसकट वाळलेल्या गवताच्या उभ्या चढात शिरल्या. कोपर सोललं, गुडघा खरचटला. बाकी अंग शाबूत. सायकलवाला धावत आला, सायकल उलटी करू लागला तशा त्या म्हणाल्या, "राहू दे. माझी मी बघते. घरी जाऊन बघते." आणि सगळा उतार सायकल हातात धरून चालत उतरल्या.

कोपराला स्वतःच औषध लावून बाई मागच्या खोलीत बसल्या. सायकल पुन्हा खोलली. एकेक स्क्रू, प्रत्येकाला पाना, प्रत्येकाचा 'टक'. ब्रेकची नळी, तिचे जोड, पॅड. सगळं पुस्तिकेबरहुकूम. चूक सापडली असती तर बाई सावरल्या असत्या. चूक सापडली की ती सुधारता येते. सापडत नव्हती, आणि तेच त्यांना खात होतं. आपल्या हातांनी कुठेतरी दगा दिला आणि कुठे ते आपल्याला दिसतही नाही, मग या हातांनी उद्या काउंटरवर औषध तरी कसं मोजायचं?

मिस्त्री खुर्चीत, नणंद दारात. शेवटी बाईंनी सायकलवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून खाली ठेवला.

"काकू, लिव्हर कडक आहे ना? मग ब्रेक ठीक आहे. चकतीला तेल तर नाही लागलं? चेनला घालताना उडालं असेल. एक थेंबही पुरतो. पॅड तेल पितं आणि मग काही धरत नाही."

वर्तमानपत्राची घडी मिस्त्रींच्या मांडीवरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"चेनला मी फडक्याने लावलं होतं," बाई हळू म्हणाल्या. "पण उडालं असेल. माझ्याच हातून उडालं असेल."

फोन बंद झाला. बाईंनी दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. मग जोर मोजणारा पाना उचलला, उठल्या आणि उंबरठ्यापाशी येऊन तो मिस्त्रींपुढे धरला.

"घ्या. यापुढे तुम्हीच करा. नाहीतर विकून टाका."

आता मिस्त्रींच्या बाजूचा नफा मोजा. सात रविवार ज्याची वाट पाहिली ते वाक्य आपल्या पायाने चालत आलं होतं. पाना घ्यायचा, चकती पुसायची, पॅड बदलायचे, संध्याकाळपर्यंत सायकल झक्क. गुपित फक्त स्वतःच्या पोटात. आणि वर म्हणायचं ते वाक्य तर तयारच होतं. त्यांनी पाना घेतला. हाताला तो जड लागला, वजनापेक्षा जड.

नणंदेला राहवलं नाही. "मी काय म्हणत होते, वहिनी? या कामाला हाताला वळण लागतं. दादाने हात लावला असता तर हे झालंच नसतं."

"लावला होता," मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"हात. लावला होता मी. काल, ही दुकानात गेल्यावर."

नणंदेचं तोंड उघडं राहिलं, आणि या वेळी त्यावर लेपही नव्हता.

"चुं चुं वाजत होतं," मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाले. "म्हणून तेल घातलं. मशीनचं. कारखान्यात नव्या पोराने न विचारता असं केलं असतं तर मी त्याचा कान उपटला असता."

मग बाईंनी विचारलं ते फक्त केमिस्टच विचारू शकतो.

"किती थेंब?"

"पुढे दोन. मागे तीन."

"नक्की?"

"मोजूनच घातले."

"आणि बाकी? हँडल, नट, आणखी कशाला हात लावलात?"

"लावला, पण काही केलं नाही." हे सांगणं तेलाहून अवघड होतं. "ढिलं काही सापडतंय का ते बघत होतो. सगळी सायकल बघितली, अगं. एक स्क्रू ढिला नव्हता. अर्धा आटासुद्धा नाही. सापडला असता तर तेल कशाला घातलं असतं? करण्यासारखं दुसरं काही ठेवलंच नव्हतंस तू."

बाई मटकन चादरीवर बसल्या. नणंदेला वाटलं चक्कर आली, ती पाणी आणायला धावली. चक्कर वगैरे काही नव्हती. बाईंचा जीव भांड्यात पडला होता. भलं मोठं भांडं असावं ते, कारण आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी, मग पुन्हा हसू.

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?"

"काही नाही."

"फोर्कची नळी बरोबर कापली होती?"

"माझ्याच्याने इतकी सरळ कापली गेली नसती."

"हे पुन्हा म्हणा. वन्सं येऊ द्या, त्यांच्यासमोर म्हणा."

नणंद पाणी घेऊन आली आणि मिस्त्रींनी ते पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हणावं लागलं, कारण दुसऱ्या वेळी आवाज बारीक होता असं बाईंचं म्हणणं पडलं. मग त्या भडकल्या. आधी सुटका, मग राग, असा त्यांचा क्रम होता. "मेले असते मी! पलीकडे दरी होती! तुमच्या पाच थेंबांपायी!" मिस्त्री मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांनाही कसं हलकं हलकं वाटत होतं. शिव्या खातानाही मोकळा श्वास घेता येतो, याचा त्यांना नव्यानेच शोध लागला. ज्या घरात सकाळी माणूस परत येणार की नाही असा प्रसंग होऊन गेला, तिथे दुपारी माणूस बसून ओरडतोय, यापेक्षा चांगलं दुपारचं काम नाही.

सोमवारी बाईंनी दुकानातून स्पिरिट आणलं, चकत्या चारदा पुसल्या, तेल प्यायलेले पॅड फेकले आणि नवे बसवले. चाक धरायला मिस्त्रींना आत बोलावलं. फक्त धरायला. त्यांनी धरलं, आणि कुठूनसा खोकला आला तो गिळून टाकला.

रविवारी सकाळी बाईंनी अंगणात पंचवीस वेळा वेग घेऊन पंचवीस वेळा थांबवलं. प्रत्येक वेळी सायकल अशी किंचाळली, की इमारतीतले सगळे लोक खिडक्यांशी आले. मिस्त्री दोन्ही हात खिशात घालून, दात आवळून उभे राहिले. मग बाई डोंगरावर गेल्या, त्याच उताराने उतरल्या, दोन्ही वळणांवर थांबल्या. दुसऱ्या वळणावर तर गरज नसतानाही थांबल्या, एक पाय टेकून दरीकडे पाहिलं, आणि पुन्हा निघाल्या. पायथ्याशी नवरा उभा होता. सायकल त्याच्या बुटांपासून वीतभर अंतरावर थांबली. तो मागे सरकला नाही.

आता कुणी काय भरलं ते लिहून संपवू. नव्या पॅडचे पैसे मिस्त्रींनी दिले. कोपराचं कातडं बाईंचं गेलं आणि त्याची भरपाई कुणाकडून मिळायची नसते. नणंदेला खरं काय झालं ते अख्ख्या इमारतीला सांगावं लागलं, तेही दादाचं नाव घेऊन, आणि पार्लरमध्ये पहिल्यांदाच गिऱ्हाईकं लेपासकट हसली. लेप फाटले, ते तिने दुसऱ्यांदा फुकट लावून दिले.